उंदराची धाव आणि उंदराची आठवण

गेल्या अंकात या सदरात आम्ही एक छोटी नोंद दिली होती. पिंजऱ्यात पळण्याचे चाक मिळालेले उंदीर चाक न मिळालेल्या उंदरांपेक्षा लवकर शिकतात आणि त्यांच्या मेंदूत नव्याने तयार झालेल्या चेतापेशीही अधिक संख्येने टिकतात, असे प्रयोगांत दिसून आल्याचे तिच्यात म्हटले होते. त्या चार ओळींवर बरीच पत्रे आली. काहींना कुतूहल वाटले, काहींना शंका आल्या, तर काही वाचक सरळ रागावलेले होते. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : उंदीर बोलत नाही. मग त्याला काय आठवते आणि काय आठवत नाही, हे शास्त्रज्ञ ठरवतात कसे? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : बोलता न येणाऱ्या प्राण्याच्या स्मरणाचा माग त्याच्या वागण्यातूनच काढावा लागतो. त्यासाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली रीत म्हणजे पाण्याचा गोल हौद. रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ती १९८१ मध्ये मांडली. त्यांनी ती ‘रॅट’ या मोठ्या जातीच्या उंदरांसाठी बसवली होती, पुढे तिची लहान आवृत्ती साध्या उंदरांसाठी वापरात आली. साधारण सव्वा मीटर व्यासाचा हौद घेतात आणि पाण्यात दुधाची भुकटी किंवा बिनविषारी पांढरा रंग मिसळून ते गढूळ करतात. पृष्ठभागाखाली जेमतेम एक सेंटीमीटरवर तळहाताएवढा चौथरा ठेवलेला असतो, पण पाण्यात पोहणाऱ्या उंदराला तो दिसत नाही. खोलीच्या भिंतींवर मात्र ठळक खुणा असतात, एखादा मोठा त्रिकोण, पट्ट्यापट्ट्यांचा कागद, दरवाजा वगैरे. उंदराला दर वेळी हौदाच्या निराळ्या बाजूने पाण्यात सोडतात, त्यामुळे ‘डावीकडे वळलो की सुटलो’ असे पाठ करून त्याचे भागत नाही. भिंतीवरच्या खुणांच्या आधाराने चौथऱ्याची जागा मनात पक्की करणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो.

पहिल्या दिवशी उंदीर बहुधा काठाला चिकटूनच गोल गोल पोहत राहतो. मिनिटभरात चौथरा सापडला नाही, तर प्रयोग करणारी व्यक्ती त्याला हाताने तेथे नेऊन बसवते आणि काही सेकंद आजूबाजूला पाहू देते. रोज थोड्या खेपा केल्या की चार-सहा दिवसांत बहुतेक उंदीर काठ सोडून जवळजवळ सरळ रेषेत चौथऱ्याकडे जाऊ लागतात. खरी परीक्षा त्यानंतर असते. चौथरा गुपचूप काढून घेतात आणि उंदराला पुन्हा पाण्यात सोडतात. ज्याला जागा आठवते तो हौदाच्या त्याच चतुर्थांशात पुन्हा पुन्हा घुटमळतो, आणि ज्याला आठवत नाही तो सगळीकडे सारखाच भटकतो. वर लावलेला कॅमेरा त्याच्या पोहण्याची रेघ टिपत असतो.

या रीतीतील खाचाखोचाही सांगायला हव्यात, कारण बातम्यांत नेमक्या त्याच गाळल्या जातात. महिनाभर चाकावर पळालेला उंदीर चौथऱ्यावर लवकर पोहोचला, तर त्याची स्मरणशक्ती सुधारली असे म्हणावे, की त्याचे पाय दणकट झाल्याने तो भरभर पोहला असे म्हणावे? म्हणून केवळ वेळ मोजून चालत नाही. पोहून काटलेले अंतर आणि पोहण्याचा वेग यांची वेगळी नोंद घ्यावी लागते. अंतर कमी भरले, तरच उंदराला रस्ता ठाऊक होता असे मानता येते. काही उंदीर पोहतच नाहीत, पाण्यावर नुसते तरंगत पडून राहतात. काही वंशांच्या उंदरांची दृष्टी जनुकीय दोषामुळे जन्मानंतर काही आठवड्यांतच जाते. अशा उंदरांना भिंतीवरचा त्रिकोण दिसतच नाही, आणि त्यांच्या माथी मंदबुद्धीचा शिक्का मारणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. यासाठी चौथऱ्यावर झेंडी लावून तो दिसेल असा ठेवतात आणि उंदराला निदान दिसते आहे ना, याची खातरजमा करून घेतात.

हौदाशिवाय इतरही चाचण्या आहेत. ओळखीच्या दोन वस्तूंपैकी एक बदलली, तर उंदीर नव्या वस्तूपाशी जास्त वेळ हुंगत राहतो की नाही, हे पाहता येते. शरीराने शिकायच्या गोष्टींसाठी फिरता दांडा असतो. त्याची गती मिनिटाला ४ फेऱ्यांपासून ४० फेऱ्यांपर्यंत वाढवत नेतात आणि उंदीर किती वेळ तोल सांभाळतो हे मोजतात. दिवसागणिक ही वेळ वाढत गेली, तर ते हालचालीचे शिक्षण झाले. पोहायला किंवा सायकल चालवायला शिकताना माणसाचे जे शिक्षण होते, त्याच्या जवळचे.

प्रश्न : चाक मिळाल्यामुळे मेंदूत बदल झाला, की पिंजऱ्यात काहीतरी नवे आले म्हणून? (पुणे)

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे, आणि संशोधकांनाही तो पडलाच होता. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत गेर्ड केम्परमन, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले होते, की बोगदे, खेळणी आणि भरपूर सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागात, चेतापेशी अधिक असतात. पण अशा समृद्ध पिंजऱ्यात सगळेच एकदम घडते. तेथे खेळणे, शिकणे, धावणे आणि एकमेकांत मिसळणे हे सारे चालू असते, मग श्रेय कशाला द्यायचे?

हा गुंता सोडवण्यासाठी हेन्रिएटे व्हान प्राग यांनी त्याच संस्थेत केलेला प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंदरांचे पाच गट होते. एका गटाला साधा पिंजरा मिळाला, एकाला चाक, एकाला समृद्ध पिंजरा, तर एका गटाला पाण्याच्या हौदात चौथरा शोधायचे शिक्षण देण्यात आले. पाचवा गट मला सर्वांत कल्पक वाटतो. त्यातील उंदीर शिकणाऱ्या गटाइतकाच वेळ पाण्यात पोहत, पण त्यांच्यासाठी चौथराच नव्हता, म्हणजे शिकण्यासारखे काही नव्हते. नव्याने जन्मणाऱ्या पेशींमध्ये शिरून बसणारे एक रसायन टोचून त्या पेशींवर खूण केली होती. चार आठवड्यांनी मोजणी केली, तेव्हा चाकावर पळणाऱ्या उंदरांत टिकून राहिलेल्या नव्या पेशी साध्या पिंजऱ्यातील उंदरांच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. समृद्ध पिंजऱ्यातील गटातही वाढ तितपतच होती. हौदात शिकलेल्या किंवा नुसत्या पोहलेल्या उंदरांत असा फरक पडला नाही. याच गटाने त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात असेही दाखवले, की पळणारे उंदीर हौदातील जागा शिकण्यात सरस ठरतात.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर मात्र २०११ मध्ये मिळाले. व्हान प्राग यांच्याच सहकाऱ्यांनी खेळण्यांनी भरलेले, पण चाक नसलेले पिंजरे तयार करून तुलना केली. चाक काढून घेतल्यावर खेळणी आणि बोगद्यांनी नव्या पेशींच्या संख्येत वाढ घडवली नाही, आणि चाक असले की ती झाली. तेव्हा निदान नव्या पेशींपुरते तरी श्रेय धावण्याचेच आहे, नावीन्याचे नाही.

प्रश्न : कोंडलेला प्राणी कंटाळून चाक फिरवत बसतो. हा व्यायाम नसून वेडाचार नव्हे काय? (नाशिक)

उत्तर : हा आक्षेप संशोधकांमध्येही अनेक वर्षे घेतला जात होता. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या योहाना मायर आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याची तड मोठ्या गमतीदार रीतीने लावली. त्यांनी शहराजवळच्या हिरवळीत आणि माणसांना प्रवेश नसलेल्या वाळूच्या टेकड्यांत चाक ठेवून दिले. भोवती असे कुंपण होते की लहान जनावरांना ये-जा करता यावी, आणि शेजारी कॅमेरा. रानातले, कोणाच्याही ताब्यात नसलेले उंदीर आपणहून आले, चाकावर चढले आणि पळू लागले. पिंजऱ्यातील उंदीर एका दमात जितका वेळ पळतो, तितकाच वेळ यांतील बरेच उंदीरही पळाले. जवळ ठेवलेले खाद्य काढून घेतल्यावरही चाकाचा वापर थांबला नाही. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅमेऱ्यात चिचुंद्र्या आणि बेडूकच काय, गोगलगायीसुद्धा चाकावर टिपल्या गेल्या, मात्र गोगलगायीच्या व्यायामाबद्दल कोणी काही दावा केल्याचे ऐकिवात नाही.

तरीही आपल्या शंकेत तथ्य आहे. प्रयोगातील ‘न पळणारा’ उंदीर हा सामान्य, निरोगी उंदीर नसतो. छोट्या पिंजऱ्यात, पुढ्यात सदैव अन्न, आणि हिंडायला जागा नाही, असे त्याचे जिणे असते. रानातला उंदीर रात्रभर फिरत असतो. म्हणून ‘चाकाने मेंदू सुधारला’ या वाक्याऐवजी ‘चाक नसल्याने जे खुंटले होते ते चाकाने भरून आले’ असेही म्हणता येईल, आणि माझ्या मते दुसरे विधान सत्याच्या अधिक जवळचे आहे. आपणच जर दिवसभर खुर्चीत बसत असू, तर हा बसका उंदीर आपल्याला चांगलाच ओळखीचा वाटायला हवा.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. सकाळी पळून आल्यावर अभ्यास लक्षात राहतो, असे तो म्हणतो. पण व्यायामाने उंदीर विसरतात, असेही वाचनात आले. खरे काय? (ठाणे)

उत्तर : आपण वाचले ते २०१४ मधील टोरांटोच्या संशोधनाविषयी असावे. पॉल फ्रँकलंड, शीना जोसेलिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी एक गोष्ट शिकवली. विशिष्ट पेटीत ठेवल्यावर पायांना सौम्य विजेचा झटका बसतो, ही ती गोष्ट. पुन्हा त्या पेटीत ठेवले की उंदीर जागीच थिजतो, आणि तो किती वेळ थिजला यावरून त्याची आठवण मोजतात. शिकवून झाल्यावर काही उंदरांना कित्येक आठवडे चाक दिले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची भर पडली, आणि ते पेटीत कमी थिजले, म्हणजे जुनी गोष्ट ते बऱ्याच अंशी विसरले. नव्या पेशी आधीच्या जाळ्यात शिरून आपले धागे जोडू लागल्या की जुनी वीण विस्कटते, असा त्यांचा अर्थ होता. गिनीपिगची पिल्ले बरीच वाढ पूर्ण करूनच जन्माला येतात, आणि त्यांच्यात लहानपणीचे विसरणे उंदरांच्या पिल्लांइतके दिसले नाही, ही याच अभ्यासातील नोंद मला फार बोलकी वाटते.

म्हणजे व्यायाम आधी आणि शिक्षण नंतर झाले तर एक परिणाम, आणि क्रम उलटला तर दुसरा. मात्र २०१६ मध्ये ‘रॅट’ जातीच्या उंदरांवर केलेल्या एका अभ्यासात पळण्याने नव्या पेशी वाढूनही आधीची आठवण पुसली गेली नाही, त्यामुळे या निष्कर्षावर शेवटचा शब्द अद्याप झालेला नाही. आपल्या चिरंजीवांच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा उंदीर एका रात्रीत कित्येक किलोमीटर पळतो. त्या मानाने सकाळची अर्ध्या तासाची धाव फारच माफक आहे. शिवाय उंदराला ती गोष्ट एकदा शिकवून मग तिची उजळणी करू दिली नव्हती. बारावीचा विद्यार्थी उजळणी करतो, निदान त्याने ती करावी अशी अपेक्षा असते. त्याला पळू द्या.

प्रश्न : आज एक अभ्यास एक सांगतो, उद्या दुसरा नेमके उलटे. मग विश्वास कशावर ठेवायचा? (बेळगाव)

उत्तर : यातील बराच गोंधळ उंदरांचा वंश, प्रयोगशाळा आणि हाताळणी यांतून येतो. शिकण्याच्या अभ्यासात सर्वाधिक आढळणारा उंदीर पांढरा नसून काळा असतो. सी५७ ब्लॅक ६ हे त्याच्या वंशाचे नाव आहे, आणि या घराण्याची सुरुवात अमेरिकेत क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये केली. पिढ्यान्‌पिढ्या भावंडांचाच संकर होत आल्याने या वंशातील उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ जुळी भावंडे असतात. प्रयोगासाठी ही मोठी सोय आहे, परंतु त्यामुळेच एका वंशात आढळलेली गोष्ट दुसऱ्यात आढळेलच असे नाही. थिओडोर गार्लंड यांनी पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत जास्त पळणारे उंदीर निवडून एक ‘धावरा’ वंश तयार केला. २००३ मधील अभ्यासात या वंशाच्या चाक मिळालेल्या उंदरांत नव्या चेतापेशी उदंड वाढल्या, पण हौदातील त्यांचे शिकणे काही सुधारले नाही. पेशी वाढल्या म्हणजे स्मरण वाढलेच, हे समीकरण तेथेच ढिले पडते.

प्रयोगशाळेचाही हात असतो. ओरेगन, एडमंटन आणि ऑल्बनी येथील तीन प्रयोगशाळांनी १९९९ मध्ये तेच वंश, तीच उपकरणे आणि शक्य तितक्या सारख्या परिस्थितीत तेच प्रयोग केले, तरी काही चाचण्यांचे निकाल जागेनुसार वेगळे आले. उंदीर उचलण्याची पद्धतदेखील फरक पाडते. शेपटीला धरून उचललेला उंदीर माणसाला बिचकतो. त्याला छोट्या नळीतून किंवा ओंजळीतून उचलले की तो बराच शांत राहतो, हे लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. घाबरलेला उंदीर शिकण्यात मागे पडला, तर तो दोष स्मरणशक्तीचा मानायचा का? तेव्हा अभ्यास वाचताना उंदीर कोणत्या वंशाचे होते, नर होते की मादी, तुलनेच्या गटाला नेमके काय मिळाले आणि तोच निकाल दुसरीकडे मिळाला का, हे आधी पाहावे.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. उंदरांचे हे निष्कर्ष मला लागू पडतात का? (गोवा)

उत्तर : काही अंशी. म्हाताऱ्या उंदरांवर प्रयोग झाले आहेत. १९ महिने वयाच्या, म्हणजे उंदरांच्या हिशेबाने उतारवयातील, उंदरांना चाक दिल्यावर त्यांचे शिकणे सुधारले आणि नव्या चेतापेशींचे घटलेले प्रमाण तरुण उंदरांच्या निम्म्यापर्यंत परत आले, असे २००५ मध्ये दिसले. माणसाच्या मेंदूत प्रौढपणी नव्या चेतापेशी बनतात का, यावर मात्र जाणकारांतच उभा वाद आहे. २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन अभ्यास आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाला प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी आढळल्या नाहीत, तर न्यूयॉर्कच्या गटाला म्हाताऱ्या वयातही त्या दिसल्या. दोन्ही गट मुख्यतः मृत व्यक्तींच्या मेंदूचे काप तपासत होते.

या वादात न अडकताही माणसांवर थेट अभ्यास करता येतो. अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, तर नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आक्रसला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका स्पष्ट फरक दिसलेला नाही, तेव्हा स्मरणशक्तीची हमी म्हणून त्याकडे पाहू नये. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि जोडीला तोल सांभाळण्याचे व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस हृदय, हाडे आणि झोप यांच्यासाठीही उपयोगाची आहे. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : मुक्या जिवांना झटके देऊन मिळवलेले ज्ञान आम्हाला नको. भारतात यावर काही बंधन आहे की नाही? (अमरावती)

उत्तर : आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्रयोगांना सरसकट बंदी घालत नाही, पण त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची तरतूद करतो. प्रत्येक संस्थेला या समितीकडे नोंदणी करावी लागते, आणि प्रयोग सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्यावी लागते. या समितीत केंद्रीय समितीने नेमलेले बाहेरचे सदस्यही बसतात. किती उंदीर लागतील, तेवढेच का, वेदना कशी कमी करणार आणि प्राण्याऐवजी दुसरा मार्ग का नाही, याची लेखी उत्तरे अर्जात द्यावी लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट भावना आणि ताण यांच्या मेंदूवरील परिणामांचा अभ्यास अशाच चौकटीत करतो.

चौकट आहे म्हणून आपला प्रश्न मिटला, असे मी म्हणणार नाही. स्मरणाचा अभ्यास भीतीऐवजी वासाच्या किंवा खाऊच्या आधारेही होऊ शकतो, आणि जेथे तो होऊ शकतो तेथे झटक्याची पेटी वापरू नये, असे मला वाटते. पण झोप, ताण किंवा अल्झायमर यांत चेतापेशींचे नेमके काय होते, हे जिवंत मेंदूत पाहायचे असेल, तर केवळ संगणकावरील प्रतिरूपाने आजमितीस भागत नाही. हा पेच खरा आहे.

प्रश्न : मी दहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी घरात पकडलेल्या उंदरांवर हा प्रयोग करू का? (कोल्हापूर)

उत्तर : करू नकोस. प्राण्यांवरचे प्रयोग नोंदणीकृत संस्थेबाहेर करता येत नाहीत, आणि पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रफितींनी शिकण्याचे काम भागत असेल तेथे प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असे हाच कायदा सुचवतो. शिवाय घरातल्या उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखा गंभीर आजार होऊ शकतो. तुझ्याजवळ याहून चांगले प्रयोग-प्राणी आहेत, ते म्हणजे वर्गमित्र. वीस शब्दांच्या दोन याद्या कर. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट पाड. एका गटाला वीस मिनिटे झपाझप चालायला लाव आणि दुसऱ्याला तितकाच वेळ बसून गप्पा मारू दे. मग दोघांनाही पहिली यादी वाचून दाखव आणि दुसऱ्या दिवशी किती शब्द आठवतात ते मोज. आठवड्याने गटांची अदलाबदल कर आणि दुसरी यादी वापर, म्हणजे मुळातच पाठांतर चांगले असणाऱ्यांमुळे निकाल फिरणार नाही. उत्तरपत्रिका तपासताना कोण कोणत्या गटात होते, हे तुला ठाऊक नसेल अशी व्यवस्था कर. त्या दिवशी नावांऐवजी क्रमांक टाकायला सांगितलेस, तरी पुरे.